सामुराईच्या कोपऱ्यातला शिक्का

निहारनं टोरांटोच्या शाळेत सांगितलं म्हणे, की माझी आजी मस्कतला चित्रांची वॉचमन होती. आर्यानं लगेच दुरुस्ती केली, "वॉचमन नाही रे, सेक्रेटरी!" दोघांचंही अगदीच चुकलं नाही. इकडे मस्कतच्या मराठी मंडळाचे संपादक दिवाळी अंकासाठी काहीतरी लिहा म्हणून कधीचे मागे लागले आहेत. तेव्हा म्हटलं, त्यांची पानं भरतील आणि तुम्हा नातवंडांनाही आजी नेमकं काय करत होती ते एकदाचं कळेल. मराठी अडली तर आईला मोठ्यानं वाचायला लावा. तिचीही सवय सुटत चालली आहे.

मी इथल्या अल् खुवैर भागातल्या एका खासगी चित्रदालनात रजिस्ट्रार होते. लग्नघरात एक मावशी असते बघा. ती नाचत नाही, फोटोत पुढं येत नाही, पण कोठीची किल्ली तिच्या कमरेला असते. कुणाचा हार कुठल्या डब्यातून आला आणि परत कुठल्या डब्यात जायचा, हे फक्त तिला ठाऊक असतं. चित्रदालनातली ती मावशी म्हणजे रजिस्ट्रार. चित्र आलं की पेटी लगेच उघडायची नाही. बाहेरच्या उन्हातून एकदम एसीत आलेला कागद शहारतो, म्हणून पेटीला आधी खोलीची सवय होऊ द्यायची. मग हातमोजे घालून उघडायची आणि कोपरा दुमडलाय का, डाग आहे का, कसर लागली आहे का, सगळं पाहून लिहून ठेवायचं. पाहुणा जसा आला तसाच परत गेला पाहिजे, हा एकच नियम. बाकी फ्रेम, विमा, चित्राखालच्या पाट्या आणि प्रदर्शनाची परवानगी, हे सगळं त्या एका नियमाभोवती फिरतं.

या कामात माणसं मात्र नाना तऱ्हेची भेटतात. एका गृहस्थांनी समुद्राचं चित्र विकत नेलं आणि आठवड्यानं परत आणलं. म्हणाले, "समुद्र छान आहे, पण सोफ्याला जात नाही. तुमच्याकडे थोडा हिरवा समुद्र आहे का?" निझव्याच्या एका व्यापाऱ्यानं पणजोबांची चांदीची खंजर, म्हणजे इथला वाकडा खंजीर, आम्हाला प्रदर्शनापुरती दिली होती. तो दर शुक्रवारी गाडी चालवत मस्कतला यायचा आणि काचेपुढं उभं राहून तिची खुशाली विचारायचा. निघताना मला बजावायचा, "हिला एकटं वाटू देऊ नका." मी "इन्शाल्ला" म्हणायचे. काही झालं तरी मी कोठीवरची मावशी. दागिन्याला एकटं वाटतं हे मला पटायचं.

पण तुम्हाला सांगायची गोष्ट आहे ती सामुराईंची. निवृत्तीच्या आधीचं माझं ते शेवटचं मोठं प्रदर्शन.

ओकादा नावाचे एक जपानी गृहस्थ होते; आम्ही त्यांना ओकादा-सान म्हणायचो, 'सान' म्हणजे आपलं 'राव'. समुद्राचं पाणी गोडं करायच्या कारखान्यात इंजिनियर म्हणून इथं आले आणि इथेच म्हातारे झाले. बायको वारली होती. मुलगी ओसाकाहून सारखी "आता या" म्हणत होती. तिकीट काढून झालं होतं. जाण्याआधी त्यांना एकच गोष्ट करायची होती. जन्मभर जमवलेली सामुराई वीरांची चित्रं त्यांना कारखान्यातल्या आपल्या जुन्या ओमानी सहकाऱ्यांना दाखवायची होती. "ते मला नेहमी विचारत, तू सुट्टीत घरी जाऊन काय आणतोस? मी म्हणत असे, कागद. त्यांना तो कागद दाखवायचा आहे," ते मला म्हणाले.

ही चित्रं कुंचल्यानं रंगवलेली नसतात, छापलेली असतात. आपल्याकडे कापडावर लाकडी ठशांनी छपाई करतात, तसंच. चित्रकार पातळ कागदावर चित्र काढतो. कोरणारा तो कागद चेरीच्या लाकडावर उलटा चिकटवतो आणि रेषा तेवढ्या ठेवून बाकीचं लाकूड कोरून काढतो. मग प्रत्येक रंगाला वेगळा ठसा. एकच कागद एकामागून एक सगळ्या ठशांवर दाबायचा, आणि तोही असा, की निळा लालवर सरकता कामा नये. चिलखताच्या दोऱ्या, भुवयांचे केस, वाऱ्यावर उडणारं निशाण, सगळं लाकडातून उठलेलं.

आमचे सदा मेस्त्री फ्रेमचं काम करायचे. ते कुडाळकडचे. पहिलं चित्र त्यांच्यापुढं ठेवलं तेव्हा त्यांनी हात मागे बांधले.

"बाई, ह्यो कागद नाय. मोराचा पीस आसा. हात कसो लावू?"

"हातमोजे घाला आणि लावा."

"आणि ह्यो बाबा असो डोळे वटारून बघता तो?"

"तो तुमच्याकडे नाही बघत, मेस्त्री. शत्रूकडे बघतोय."

"माका तर सासऱ्याचीच याद येता," असं म्हणून त्यांनी हातमोजे चढवले.

चित्राभोवती जाड पुठ्ठ्याची खिडकी कापतात. मेस्त्रींना ती नीटस लागायची, म्हणजे कडेचा पांढरा कागद दिसायला नको. पण ओकादा-साननी पहिलीच खिडकी पाहून मान हलवली. खिडकीची कड एका बारीकशा गोल शिक्क्यावर आली होती. हरभऱ्याएवढा शिक्का असेल. मी तर आधी तो डागच समजले होते.

"हा दिसलाच पाहिजे," ते म्हणाले. "हे सरकार आहे."

मग त्यांनी मला समजावलं. ही चित्रं दीड-दोनशे वर्षांपूर्वीची. त्या काळी जपानात कुठलंही चित्र छापण्याआधी कच्चा आराखडा तपासनिसाकडे न्यावा लागे. त्यानं पाहिलं, हरकत घेतली नाही, की तो त्यावर शिक्का मारायचा. अर्थ एवढाच, की तपासलं, चालेल. आता तोच आराखडा लाकडावर चिकटवून कोरायचा असल्यामुळे शिक्काही कोरला जायचा आणि प्रत्येक प्रतीवर छापला जायचा. म्हणजे सरकारी परवानगी चित्राचाच एक भाग होऊन बसली. आज जाणकार माणसं तो शिक्का पाहूनच चित्र कोणत्या काळातलं ते ओळखतात.

आणि मनाई कशाला होती, तर अलीकडच्या काळातल्या खऱ्या वीरांना. राज्य करणाऱ्या घराण्याच्या उदयाच्या वेळी जे लढले, त्यांची नावं आणि घराण्याची चिन्हं छापायची नाहीत. न जाणो, लोकांना हरलेल्या बाजूचं प्रेम वाटू लागायचं. हा नियम मोडला म्हणून चित्रकारांना हातात बेड्या घालून घरी बसवल्याचीही उदाहरणं आहेत. मग चित्रकारांनी काय करावं? नावातलं एखादं अक्षर बदलायचं, निशाणावरचं चिन्ह थोडं फिरवायचं आणि गोष्ट चारशे वर्षांपूर्वीची म्हणून सांगायची. आपल्याकडे कुणी 'तानाजी'चा 'मानाजी' करावा आणि गड, घोरपड, दोर सगळं जागच्या जागी ठेवावं, तसंच. घेणाऱ्या गिऱ्हाइकाला बरोबर कळायचं. तपासनिसाच्या डोळ्यांत मात्र धूळ. मला ही लबाडी फार आवडली. मेस्त्रींनी सगळ्या खिडक्या पुन्हा कापल्या.

आता परवानगी. सार्वजनिक प्रदर्शन म्हटलं की चित्रांचे फोटो संबंधित ऑफिसात दाखवून मान्यता घ्यायची. जगात बऱ्याच ठिकाणी असतं तसं. ऑफिसांच्या खिडक्यांवर फिरून अशी कामं करून आणणाऱ्याला इथं मंदूब म्हणतात. आमचा मंदूब इक्बाल, रत्नागिरीजवळच्या खाडीकाठचा. अरबी असं बोलायचा की ओमानी माणसं त्याला गाव विचारायची. मी इथं अख्खं आयुष्य काढूनही 'शुक्रान'च्या पलीकडे फारशी गेले नाही. कॉन्व्हेंटचं इंग्रजी सगळीकडे चालतं या तोऱ्यात राहिले, दुसरं काय. याची चुटपुट मला अजून आहे, आणि पुढं जे झालं ते त्यामुळेच.

फोटो पाहून ऑफिसातले उस्ताद सालिम (इथं साहेबांना उस्ताद म्हणतात) स्वतः दालनात आले. पांढराशुभ्र पायघोळ झगा, म्हणजे दिशदाशा, अत्तर, गोड हिंदी. एकेक चित्र शांतपणे पाहत गेले. फुलांखालचा धनुर्धर त्यांना फारच आवडला. मग ते एका चित्रापुढं थांबले. त्यात एका तरण्याबांड सामुराईनं शत्रूचं कापलेलं डोकं शेंडीला धरून उचललं होतं. वरून चेरीच्या पाकळ्या पडत होत्या.

"मॅडम, बाकी सब माशाल्ला. लेकिन ये एक... स्कूल के बच्चे आएँगे ना?"

"हो, येणार आहेत. शाळांना बोलावलंय," मी हिंदीत म्हटलं.

"तो इसको छोड़ दो. या आधा ढक दो. इतना बड़ा दीवार है, एक से क्या फरक पड़ता है?"

त्यांचं बोलणं मला वावगं वाटलं नाही. तुम्ही दोघं त्या वेळी चार आणि सहा वर्षांचे होतात. तुम्हाला मी ते चित्र दाखवलं असतं का? नसतं. पण नेमकं तेच ओकादा-सानचं सगळ्यात लाडकं चित्र होतं. त्याच वीराचं नाव एका अक्षरानं बदललेलं होतं. उस्ताद काय म्हणाले ते मी त्यांना सांगितलं. ते तुटक इंग्रजीत म्हणाले, "त्याच्या देशात त्याचं नाव झाकलं. इथं चित्रच झाकायचं? नको. मग सगळीच घरी जातील माझ्याबरोबर."

"ओकादा-सान, एकासाठी सगळी?"

"सगळी एका माणसाबरोबर राहिली आहेत," ते म्हणाले. आवाज मात्र चढला नाही.

म्हणजे एकीकडे मुलं, दुसरीकडे म्हातारा, आणि मध्ये कोठीवरची मावशी. कारखान्यातली माणसं लांबून, सूरहून, सोहारहून यायची ठरली होती. त्यांना काय सांगणार होतो? मी कागद पुढं ओढला. कामं अडली की मी नकाशा काढते. तुमची आई हसते, पण त्यानं डोकं जागेवर येतं. मोठ्या दालनाच्या टोकाला मेस्त्री एक लाकडी आडभिंत उभारतील. ते चित्र तिच्या मागच्या अंगाला लागेल. पुढून येणाऱ्या मुलांना ते दिसणार नाही, आणि मोठ्या माणसाला पाहायचं असेल तर तो वळून जाईल. बाहेर पाटी लावू. ना झाकायचं, ना कापायचं.

ओकादा-साननी नकाशा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "वळून जाऊन पाहायचं. चांगलं आहे." इक्बालला मी तो नकाशा सगळ्या फोटोंसोबत देऊन पाठवलं. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही टेन्शन घेऊ नका. सालिमभाई भला माणूस आहे. पण वरचे काय बोलतील, अल्ला जाने."

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सकाळपर्यंत उत्तर नव्हतं. मेस्त्रींनी तरी चित्रं लावायला घेतली होती. आडभिंतही उभी होती. ओकादा-सान खुर्चीवर बसून पाहत होते. दुपारी जेवणाच्या सुमाराला इक्बालचा फोन आला. मागे रस्त्याचा गोंगाट.

"मॅडम, सबका खतम हो गया! मैं रुसैल जाता हूँ, पेट्या घेऊन येतो." आणि फोन बंद. परत लावला तर लागेना. या माणसाच्या फोनची बॅटरी आयुष्यात कधी पूर्ण भरलेली नव्हती.

रुसैलच्या गोदामात आमच्या रिकाम्या पेट्या ठेवलेल्या होत्या. सामुराई ज्यांतून आले, त्याच.

मी मेस्त्रींना म्हटलं, "थांबा. खतम झालं."

त्यांनी हातोडी खाली ठेवली. "कोण? खयचो माणूस?"

"माणूस नव्हे हो. प्रदर्शन. इक्बाल म्हणाला, सगळ्यांचं खतम झालं. पेट्या आणायला गेलाय."

मेस्त्री शिडीच्या पायरीवरच बसले. "सगळ्यांचा? एका मुंडक्यापायी सगळ्यांचा?"

ओकादा-सानना सांगणं भाग होतं. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. इतकी वर्षं इंग्रजी बोलले, पण तेव्हा धड वाक्य सुचलं नाही. "इट इज ओव्हर," एवढंच म्हणाले. ते उठले, कमरेत वाकून मला नमस्कार केला आणि हातमोजे मागितले. "मी स्वतः उतरवतो."

आडभिंतीमागच्या चित्रापासून त्यांनी सुरुवात केली. चित्र छातीशी धरून टेबलापर्यंत आणायचे, मऊ कागदावर ठेवायचे, मग पुढचं. आम्ही मदतीला गेलो तर हातानंच नको म्हणाले. मला त्या वेळी सगळ्यांचा राग आला. उस्तादांचा, ओकादा-सानच्या हट्टाचा आणि माझ्या नकाशाचाही. एकेक खिळा उघडा पडत होता. कारखान्यातल्या माणसांना कुणी फोन करायचा, हा विचार मी पुढं ढकलत होते.

मोठी भिंत निम्मी रिकामी झाली तेव्हा दार पायानं ढकलत इक्बाल आत आला. हातात दोन खोके, काखेत फाईल.

"मॅडम! ये क्या? चित्रं कुठं गेली?"

"कुठं जाणार? उतरवली. तूच म्हणालास ना, खतम झालं म्हणून?"

"हो, मग! खतम झाला ना!"

"अरे, मग वर का ठेवायची?"

"मॅडम, काय बोलता तुम्ही? खतम झाला, म्हणून तर वर ठेवायची!" त्यानं खोके खाली टाकले आणि फाईल उघडून माझ्या नाकासमोर धरली. प्रत्येक फोटोवर एकेक निळा गोल शिक्का. मुंडकेवाल्या चित्रावरही. माझ्या नकाशावरसुद्धा. "हा काय, खतम. हा बघा खतम. सबका खतम!"

मी शिक्क्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. मग त्याच्याही ध्यानात आलं आणि त्यानं कपाळावर हात मारला.

"या अल्ला! मॅडम, अरबीत शिक्क्याला खतम म्हणतात! मी दिवसभर खिडक्यांवर हाच शब्द बोलतो हो. तुम्हाला काय वाटलं, संपला?"

"आणि पेट्या?"

"दिव्यांच्या! तुम्हीच नाही का मागवलेले दिवे, रुसैलला येऊन पडले होते ते?"

मेस्त्री शिडीला धरून हसायला लागले. "खतम झाला म्हणान आमी सगळा उतरयला, नि खतम तर इलो!" मला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि साडीची पर्वा न करता मी तिथंच खाली बसले. ओकादा-सान एक चित्र हातात धरून तसेच उभे होते. त्यांना काहीच कळलं नव्हतं. मी त्यांना समजावलं, की अरबीत जो शिक्का, तोच आमच्या भाषेत शेवट. त्यांनी माझ्याकडून तो शब्द दोनदा म्हणून घेतला. मग ते हसले, खांदे हलवत, आवाज न करता. मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं.

"म्हणजे," ते म्हणाले, "आता परत लावायची?"

"यल्ला, चला!" इक्बालनं बाह्या वर केल्या.

दुसऱ्या दिवशी कारखान्यातली माणसं आली. पिकलेल्या दाढ्यांचे ओमानी म्हातारे ओकादा-सानना नाकाला नाक लावून भेटत होते आणि एकेका सामुराईची तलवार कशी धरलीय यावर जोरजोरात वाद घालत होते. एकानं फुलांखालच्या धनुर्धराकडे बोट दाखवून सांगितलं, "हा बघ, हा तू. पंप बंद पडला की असाच बघायचास." ओकादा-सान तिकडे होते. म्हणून उस्ताद सालिम बायको-मुलांना घेऊन आले तेव्हा त्यांच्याबरोबर मीच फिरले. त्यांनी मुलांना आईजवळ पुढच्या भिंतीपाशी ठेवलं आणि आडभिंतीला वळसा घालून ते त्या चित्रासमोर आले. त्यांनी कोपऱ्यावर बोट रोखलं.

"मॅडम, ये छोटा गोल क्या है?"

"तुमच्यासारख्याच एका साहेबांचा शिक्का. छापण्याआधी त्यांना दाखवावं लागायचं."

ते खूश झाले. "अच्छा! ये तो अपना भाई निकला." मग वाकून विचारलं, "क्या चेक करता था?"

मी त्यांना सगळं सांगितलं. खऱ्या वीराचं नाव छापायला मनाई होती, चित्रकारानं एक अक्षर बदललं, निशाण फिरवलं आणि साहेबांना चकवलं. ओकादा-साननी जसं मला रंगवून सांगितलं होतं, तसंच रंगवून सांगितलं.

"चेहरा वही?"

"तोच."

"कपडा, लड़ाई, सब वही?"

"सगळं तेच. बाजारातल्या पोरासोरांनाही कळायचं."

त्यांनी पुन्हा एकदा त्या बदललेल्या नावाकडे पाहिलं, मग शिक्क्याकडे. काचेत त्यांचा चेहरा दिसत होता.

"मॅडम," ते हळूच म्हणाले, "मैं यही काम करता हूँ. उसको पता कैसे नहीं चला होगा?"

आणि उजवा हात छातीवर ठेवून त्यांनी त्या शिक्क्याला सलाम केला.